स्लाइडने वाजवल्या जाणाऱ्या रेझोनेटर गिटारच्या नेकची मजबुती

रेझोनेटर गिटारमध्ये तारांचा नाद लाकडी पाट्याऐवजी मुख्यतः ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूतून बाहेर पडतो. हे वाद्य स्लाइडने (तारांवर सरकवायच्या काचेच्या किंवा धातूच्या नळीने वा दांडीने) वाजवताना जाड तारा लावतात, त्या फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) उंच ठेवतात आणि ओपन ट्यूनिंग (तारा न दाबता छेडल्या तरी एक कॉर्ड वाजेल अशी जुळणी) वरचेवर बदलतात. या सगळ्याचा भार नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब मानेवर, येतो. नेकची मजबुती दोन गोष्टींवरून ठरते: ताणाखाली तो स्वतः किती वाकतो, आणि बॉडीशी त्याचा सांधा किती पक्का आहे व कोणत्या कोनात बसला आहे. पहिला दोष ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, आवळता येणाऱ्या धातूच्या सळईने) किंवा आत बसवलेल्या पट्ट्यांनी आटोक्यात येतो. दुसऱ्यावर ट्रस रॉडचा काहीच उपाय चालत नाही. तारा उंच वाटल्या की रॉड आवळायचा, ही सवय या वाद्याच्या बाबतीत विशेष घातक आहे. बिघडलेला कोन तसाच राहतो आणि चांगला नेक मात्र उलटा वाकतो.

तारांचा ताण

तारेची लांबी आणि जाडी तीच असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक अर्धस्वर चढवला की सुमारे १२ टक्के, दोन चढवले की २६ टक्के आणि तीन चढवले की ४१ टक्के. म्हणूनच कोणती ओपन ट्यूनिंग लावायची हा प्रश्न निव्वळ सुरांचा राहत नाही. ओपन डी (डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी) आणि बॉटलनेक (बोटात स्लाइड घालून वाजवणाऱ्या) वादकांची ओपन जी (डी-जी-डी-जी-बी-डी) यांत एकही तार नेहमीच्या सुराच्या वर जात नाही, उलट काही तारा उतरतात. ओपन ई आणि ओपन ए यांत प्रत्येकी तीन तारा चढतात, त्यामुळे कमकुवत नेकवर या ट्यूनिंग टाळाव्यात. डी किंवा जी लावून कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) २ऱ्या फ्रेटवर लावला तरी तेच सूर मिळतात.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारला सहसा जी-बी-डी-जी-बी-डी लावतात. इथे खालची ई तार तीन अर्धस्वर आणि ए तार दोन अर्धस्वर चढते. त्यासाठी ०.०१६ ते ०.०५६ इंचांचा संच वापरला आणि तारेची लांबी २५ इंच धरली, तर एकूण ताण ९० ते ९५ किलोच्या आसपास जातो. ०.०१२ ते ०.०५३ इंचांच्या साध्या संचाचा, नेहमीच्या सुरात, ताण सुमारे ७५ किलो असतो.

ताणाइतकेच महत्त्वाचे असते ते तारांचे नेकपासूनचे अंतर. नेकचा मध्यअक्ष फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागाखाली साधारण १० मिमी असतो. नेहमीच्या नटवर (नेकच्या वरच्या टोकाला तारांना आधार देणाऱ्या पट्टीवर) तारा पृष्ठभागापासून दीड-दोन मिमी वर असतात, तर उंच नट लावल्यावर त्या ८ ते ९ मिमी वर जातात. म्हणजे नटजवळ वाकवणारा जोर त्याच ताणात दीडपटीहून अधिक होतो. गोल नेकच्या गिटारवर उंच नट आणि जाड तारा एकदम चढवल्या, की काही महिन्यांत नेक पुढे ओढला गेलेला दिसतो, तो यामुळेच.

चौकोनी नेक

जॉन डोपिएरा आणि जॉर्ज बीचम यांनी लॉस एंजेलिसमध्ये उभारलेल्या नॅशनल कंपनीने १९२७ साली तीन शंकूंची धातूची गिटार बाजारात आणली. त्या काळी हवाईयन पद्धतीचे (गिटार मांडीवर आडवी ठेवून) वादन अतिशय लोकप्रिय असल्यामुळे चौकोनी नेकच्या वाद्यांना मोठी मागणी होती. या तीन शंकूंच्या चौकोनी वाद्यांत बॉडीचाच पत्रा पुढे नेऊन आतून पोकळ नेक घडवलेला असे. पुढच्याच वर्षी डोपिएरा वेगळे झाले आणि डोब्रो कंपनी सुरू झाली. डोब्रोचे चौकोनी नेक मात्र भरीव लाकडाचे असत.

चौकोनी नेकचे बळ त्याच्या जाडीत आहे. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: २० मिमीऐवजी २५ मिमी जाडी ठेवली की तो जवळपास दुप्पट होतो. हाताने मूठ आवळून धरायची नसल्याने ही जाडी वादकाला अडत नाही. बार (हातात धरायची धातूची स्लाइड) तारांवर नुसता टेकतो, तार फ्रेटला लागतच नाही, तेव्हा थोडा बाक आला तरी सुरांत चूक होत नाही. त्यामुळे अशा नेकमध्ये समायोजनाच्या ट्रस रॉडची गरज नसते. असलाच तर एखादी स्थिर पट्टी पुरते. चौकोनी नेक बिघडतो तो बहुधा सांध्यापाशी, आणि कधी कधी हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) खाचांपाशी, जिथे लाकूड अचानक पातळ होते.

गोल नेक

खरी कसोटी गोल नेकची. इथे करंगळीत किंवा अनामिकेत स्लाइड असते आणि बाकीची बोटे फ्रेटवर सूर दाबतात. १२व्या फ्रेटवर जाड तारेखाली २.५ ते ३ मिमी मोकळीक आणि मध्ये ०.१५ ते ०.३० मिमी रिलीफ (नेकचा पुढच्या बाजूचा हलका बाक) हे माप बहुतेकांना चालते. रिलीफ अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला की ७व्या फ्रेटपाशी तारा उंच आणि नटजवळ त्या मानाने खाली राहतात. वादकाचा हात मधल्या भागाच्या दाबाला सरावतो आणि तोच दाब पहिल्या तीन फ्रेटवर आला की स्लाइड धातूवर खटखट आपटते.

जुन्या नॅशनल आणि डोब्रो गिटारमध्ये समायोजनाचा रॉड नसे. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांच्या ट्रस रॉडला १९२३ साली पेटंट मिळाले होते, पण रेझोनेटर बनवणाऱ्यांनी तो मार्ग घेतला नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून बॉडीबाहेर १२ ऐवजी १४ फ्रेट असलेले नेक आले, तेव्हा ही उणीव जास्त जाणवू लागली. २५ इंचांच्या तारेवर मोकळा नेक सुमारे ३१८ मिमीवरून ३५२ मिमीवर जातो, आणि बाक लांबीच्या वर्गाने वाढत असल्याने तेवढ्याच लाकडात तो सुमारे २३ टक्के जास्त येतो.

लवचिक नेकचे आणखी एक लक्षण ट्यूनिंग बदलताना दिसते. दोन तारा उतरवल्या की नेक किंचित मागे जातो आणि न हात लावलेल्या तारा चढतात. प्रत्येक गिटारमध्ये हे थोडेफार होते. सगळ्या तारा तीन-तीनदा फिरून लावाव्या लागत असतील तर नेक किंवा सांधा ढिला आहे असे समजावे.

आतला दांडा आणि सांधा

रेझोनेटर गिटारच्या रचनेचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बॉडीच्या आतून जाणारा लाकडी दांडा. बँजोच्या धर्तीवर तो नेकच्या हीलपासून (बॉडीला जोडलेल्या जाड टोकापासून) निघून शंकूच्या खालून शेपटीकडच्या टोकापर्यंत जातो. पत्र्याच्या बॉडीत नेकला चिकटायला जाड लाकूड नसते, म्हणून सगळा ताण हा दांडा पेलतो. त्याच्या आणि पाठीच्या पत्र्याच्या मध्ये लाकडाचे छोटे ठोकळे व पाचरी असतात, शेपटीकडे एक स्क्रू असतो, आणि बॉडीवर आलेला फ्रेटबोर्डचा भाग ठिपक्यांखाली किंवा लाकडी गुल्ल्यांखाली लपवलेल्या स्क्रूंनी आवळलेला असतो.

यातला एखादा आधार सुटला की नेक हळूहळू वर येतो. वादक सॅडल (शंकूवरच्या ब्रिजमधली, तारा टेकण्याची पट्टी) घासून तारा खाली आणतो, आणि इथून नुकसान सुरू होते. सॅडलवर तारा जितक्या कमी कोनात खाली वळतात (या कोनाला मोड म्हणू) तितका शंकूवरचा दाब घटतो. ८० किलो ताणाला ब्रिजवरचा एकूण मोड १० अंश असेल तर शंकूवर सुमारे १४ किलो दाब येतो. तोच ६ अंशांवर आला की साडेआठ किलोही राहत नाही. शंकू कडेला नीट बसत नाही, झणझण सुरू होते आणि आवाज पोकळ होतो. मग शंकू बदलला जातो, ज्याचा काही दोष नव्हता. उलट बाजूने, नेक फार मागे गेला आणि त्याची भरपाई उंच सॅडलने केली, तर दाब वाढून एक शंकूच्या वाद्याचा माथा खचतो.

कोन सुधारायचा असेल तर तारा सैल कराव्यात, कव्हर प्लेट काढावी, शंकूच्या कडेवर आणि बॉडीवर पेन्सिलने जुळणीची खूण करून तो दोन्ही हातांनी सरळ वर उचलावा. त्याची कड बोटाच्या दाबानेही दुमडते. मग फ्रेटबोर्डवरचे आणि शेपटीकडचे स्क्रू ढिले करून दांड्याची शेपटीकडची बाजू पाचरीने उचलावी. शेपूट वर गेली की हेडस्टॉक मागे जातो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. शेपटीकडे १ मिमी जाडीची पाचर घातली तर १२ फ्रेटच्या वाद्यात १२व्या फ्रेटवरची उंची साधारण ०.३ ते ०.४ मिमी कमी होते. पाचर कठीण लाकडाची, दांड्याच्या पूर्ण रुंदीची हवी. रबर किंवा पुठ्ठा काही आठवड्यांत दबतो आणि काम पुन्हा करावे लागते. मधले ठोकळेही नव्या उंचीला जुळवून घ्यावेत, नाहीतर दांडा पाठीवर वाजत राहतो.

आज बोल्टने जोडलेले नेकही सर्रास मिळतात. तिथे हील आणि बॉडी यांच्यामधली पाचर बदलून कोन सुधारता येतो.

मजबुतीकरणाचे साहित्य

जुन्या पद्धतीत एबनीची पट्टी, पोलादाची टी आकाराची सळई किंवा चौकोनी नळी वापरत. कार्बन फायबरच्या पट्टीचा ताठपणा लाकडाच्या दहापटीहून अधिक असतो. पोलाद त्याहून ताठ आहे, पण ते जवळजवळ पाचपट जड असल्याने हेडस्टॉककडे भार वाढतो. पट्टी नेहमी उभी बसवावी. ६ × १० मिमीची पट्टी उभी ठेवली तर आडवीपेक्षा पावणेतीन पट काम करते. ४८ मिमी रुंद आणि २० मिमी जाड नेकमध्ये अशा दोन पट्ट्या दोन बाजूंना घातल्या तर ढोबळ हिशेबाने ताठपणा एक-तृतीयांशाने वाढतो. गोल नेकला या दोन पट्ट्या आणि मध्ये दोन्ही दिशांनी काम करणारा ट्रस रॉड ही जोडी सर्वांत भरवशाची. नुसता रॉड बाक दुरुस्त करतो, पण नेकला फारसा ताठ करत नाही.

खाच पट्टीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी रुंद असावी आणि तिच्या तळाखाली सर्वांत पातळ जागीही किमान ४ मिमी लाकूड उरावे. पट्टी बरोबर बॉडीच्या सांध्यावर संपवू नये. ती हीलमध्ये शिरली पाहिजे, नाहीतर सगळा ताण त्याच रेषेवर येऊन तिथेच तडा जातो. कार्बनचा पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून स्पिरिटने पुसावा. ती धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. चिकटवायला इपॉक्सीच घ्यावा, कारण पाण्याचा सरस लाकूड फुगवून नेक वाकवतो. पुढे झुकलेला नेक किंचित मागे वाकवून शिकंज्यात धरावा आणि २४ तास तसाच ठेवावा, म्हणजे तारा चढवल्यावर तो सरळ येतो.

जुन्या मौल्यवान नेकमध्ये खाच पाडण्याआधी फ्रेटचा उपाय करून पाहावा. फ्रेटची खालची जीभ खाचेपेक्षा किंचित जाड निवडली तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा लाकूड फाकवतो आणि नेक मागे ढकलला जातो. जीभ खाचेत सैल असेल तर याच्या नेमके उलट घडते, म्हणून चुकीचे फ्रेट बसवलेला चांगला नेकही पुढे झुकतो. नेक तापवून सरळ करणे मात्र टिकाऊ नाही, त्याच तारांच्या ताणाखाली तो बहुधा पुन्हा झुकू लागतो.

दोष ओळखण्याची रीत

तारा वादकाच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये असतानाच मोजमाप करावे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून, बॉडीला जोड येतो त्या फ्रेटवर तार दाबावी आणि ६व्या किंवा ७व्या फ्रेटवर फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापकाने) फट मोजावी. फट जास्त असेल तर दोष नेकच्या बाकाचा आहे. रॉड असल्यास एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि पुन्हा सूर लावून मोजावे.

फट योग्य असूनही १२व्या फ्रेटवर तारा उंच असतील तर लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्यावी. सॅडलचा माथा पट्टीच्या रेषेपासून किती वर हवा, हे १२व्या फ्रेटवरच्या हव्या असलेल्या उंचीच्या दुपटीतून नटवरची उंची वजा करून कळते. २.५ मिमी उंची आणि नटवर पहिल्या फ्रेटच्या पातळीपासून ०.५ मिमी असेल तर ४.५ मिमी. सध्याच्या सॅडलचा माथा याहून बराच वर असेल आणि तो घासल्यास तारांचा मोड फारच कमी होणार असेल, तर कोन बिघडलेला आहे. काम दांड्याचे आहे, सॅडलला हात लावू नये.

शेवटी एक तार छेडून हेडस्टॉक हलकेच मागे ढकलावा. सूर थोडा हलणे स्वाभाविक आहे. हेडस्टॉक सैलपणे झुलला किंवा हीलपाशी टक्‌ असा आवाज आला तर दांड्याचा डिंकाचा जोड सुटलेला असतो, किंवा फ्रेटबोर्डखालच्या एखाद्या स्क्रूने लाकडातली पकड सोडलेली असते. स्क्रूचे भोक कठीण लाकडाच्या गुल्लीने बुजवून नव्याने पाडावे. त्याच भोकात जाडा स्क्रू पिळला तर फ्रेटबोर्ड लांबीत चिरतो.