सॉफ्टवेअर-वितरण, कार्यालयीन संगणकजाळ्यातील

एका जागेवरून आज्ञा देऊन जाळ्यातील अनेक संगणकांवर सॉफ्टवेअरची पॅकेजे, म्हणजे बसवण्यासाठी बांधलेले संच, बसवणे, त्यांच्या पुढच्या आवृत्त्या चढवणे, बिघडलेली दुरुस्त करणे आणि नको झालेली काढून टाकणे, या सर्व व्यवहाराला ही संज्ञा (इंग्रजीत ‘डिप्लॉयमेंट’) लावतात. वेबसेवा चालवणाऱ्या सर्व्हरांवर नवी आवृत्ती चढवण्यालाही डिप्लॉयमेंटच म्हणतात. पण ती यंत्रे बहुधा एकसारखी असतात आणि रात्रंदिवस चालू असतात. कार्यालयात प्रत्येक मशीनसमोर एक माणूस बसलेला असतो. तो मध्येच झाकण मिटून लॅपटॉप घरी नेतो, ‘रीस्टार्ट नंतर करा’ हे बटण आठवडाभर दाबत राहतो. एवढ्या एका फरकामुळे दोन्हीकडची तंत्रे वेगळ्या वाटांनी गेली. ही नोंद कार्यालयापुरती आहे.

संज्ञा : ‘डिप्लॉयमेंट’ हा इंग्रजीतील मूळ शब्द फ्रेंचमार्गे आला असून त्याचा अर्थ ‘घडी उलगडणे’ असा आहे, पुढे तो सैन्य पसरवून उभे करण्यासाठी रूढ झाला. मराठीत ‘तैनाती’ हा शब्द सैनिकी छटेच्या सर्वांत जवळचा, पण तैनाती फौजेची आठवण त्याला चिकटलेली आहे. ‘उपयोजन’ हा पर्यायही सुचवला जातो. मात्र तोच शब्द ॲप्लिकेशनसाठीही वापरात असल्याने ‘उपयोजनांचे उपयोजन’ असा गोंधळ होतो. येथे ‘वितरण’ स्वीकारला आहे, जरी पाठवणे हा या कामाचा सोपा भाग असला तरी. प्रत्यक्ष काम करणारे ‘पॅकेज पुश केलं’ किंवा ‘रोलआउट केला’ एवढेच म्हणतात.

उगम : प्रारंभ नेमका कोणता मानावा याबद्दल एकमत नाही. युनिक्स या संगणकप्रणालीच्या परंपरेतील लेखक ‘आरडिस्ट’ या साधनाकडे बोट दाखवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत राल्फ कॅम्पबेल यांनी ते १९८३-८४ च्या सुमारास लिहिले असावे, ४.३ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सच्या १९८६ मधील आवृत्तीसोबत ते सर्वत्र पोहोचले. मुख्य यंत्रावरील फाइलींची तारीख व आकार ताडून जुन्या झालेल्या प्रती बदलणे, एवढे ते करी. पॅकेज म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. दुसरा पक्ष नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या जाळे-प्रणालीच्या लॉगिन स्क्रिप्टला मान देतो : कर्मचाऱ्याने सकाळी पासवर्ड टाकला की सर्व्हरवरील चार ओळी चालत आणि नवी फाइल त्याच्या डिस्कवर येई. त्याच काळात वितरण टाळण्याचीही एक रीत होती. प्रोग्रॅम सर्व्हरवरील सामायिक ड्राइव्हवर एकदाच ठेवायचा आणि सर्वांनी तिथूनच चालवायचा. विंडोजचे प्रोग्रॅम स्थानिक रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या मांडणीची नोंद ठेवते त्या डेटाबेसात) आणि सिस्टीम फोल्डरांत पाय पसरू लागले, तशी ती मागे पडली.

या दोन्ही पक्षांपेक्षा तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वितरण हे स्वतंत्र शास्त्र झाले ते फाइल पाठवण्यापासून नव्हे, तर पलीकडच्या मशीनची स्थिती काय आहे आणि काय असावी हा प्रश्न विचारला गेला तेव्हापासून. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो येथे लिहिलेल्या ‘सीएफइंजिन’मध्ये तो प्रथम स्पष्टपणे मांडलेला दिसतो. प्रशासकाने पायऱ्या सांगायच्या नाहीत, अपेक्षित स्थिती सांगायची; प्रत्येक मशीन स्वतःला तपासत तिच्याकडे सरकत राहील. या कल्पनेला अभिसरण म्हणतात. पुढल्याच वर्षी, १९९४ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर आले आणि कार्यालयीन पीसींची यादी, त्यांवरील सॉफ्टवेअरची नोंद व पॅकेज पाठवण्याची सोय एका डेटाबेसभोवती एकत्र झाली. (त्यातील पॅकेजाचे वर्णन करणाऱ्या फाइलीचे शेपूट ‘पीडीएफ’ असे होते, त्यामुळे जुनी फोल्डरे उघडणाऱ्यांची आजही फसगत होते.) नॉव्हेलचे याच जातीचे साधन, झेनवर्क्स, १९९८ मधले.

अभिसरणाला आव्हान मिळाले ते संगणक-प्रशासकांच्या २००२ च्या लिसा परिषदेत. स्टीव्ह ट्रॉगॉट व लान्स ब्राउन यांनी असा युक्तिवाद केला की, बदल कोणत्या क्रमाने झाले याला महत्त्व आहे. शेवटची स्थिती सारखी दिसली तरी वेगळ्या क्रमाने तिथे पोहोचलेली दोन यंत्रे पुढच्या पॅकेजाला वेगळा प्रतिसाद देऊ शकतात. म्हणून प्रत्येक मशीनवर पहिल्या दिवसापासून तेच बदल त्याच क्रमाने व्हावेत. तत्त्वतः त्यांचे म्हणणे खोडणे अवघड आहे. मात्र वापरकर्ते स्वतःच काहीबाही बसवत असतात अशा कार्यालयात तो क्रम टिकत नाही, आणि प्रचलित साधने बहुतांशी अभिसरणाच्याच बाजूने गेली. उट्रेख्ट येथील एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या प्रबंधातून मांडले गेलेले ‘निक्स’ हे प्रारूप तिसरा मार्ग सुचवते : प्रत्येक पॅकेज आपापल्या वेगळ्या जागी ठेवायचे आणि नंतर त्यात बदल करायचा नाही. कार्यालयीन मशीनवर त्याचा प्रसार अल्प आहे.

पॅकेज : विंडोज जगतात या विषयाला वळण लावले ते विंडोज इन्स्टॉलरने. ऑफिस २००० सोबत तो प्रथम आला. एमएसआय ही त्याची पॅकेज-फाइल दिसायला प्रोग्रॅमसारखी असली तरी आतून ती कोष्टकांचा डेटाबेस आहे : कोणती फाइल कुठे ठेवायची, रजिस्ट्रीत काय लिहायचे, कोणता घटक कोणत्या वैशिष्ट्याचा, हे सर्व ओळींमध्ये मांडलेले असते. त्यामुळे मूळ फाइलीला हात न लावता एमएसटी नावाचा छोटा बदलपट वर चढवून कार्यालयापुरत्या गोष्टी बदलता येतात. बसवणी अर्धवट फसली तर केलेले मागे घेण्याची तरतूद आहे. आवृत्ती ताडताना मात्र पहिले तीनच आकडे पाहिले जातात. चौथा आकडा वाढवून ‘नवी आवृत्ती’ काढणाऱ्या उत्पादकांमुळे अनेकांची रात्र वाया गेली आहे.

एमएसआय नसलेल्या पॅकेजांना ज्याचा-त्याचा ‘सायलेंट’ स्विच, म्हणजे काही न विचारता बसण्याची आज्ञेतील खूण, लागतो, आणि येथील बारकावे क्षुल्लक वाटले तरी निर्णायक ठरतात. एनएसआयएस या साधनाने बांधलेल्या पॅकेजाला मोठ्या लिपीतील ‘एस’ लागतो. धाकटा दिला तर ते नेहमीप्रमाणे ‘पुढे’ बटणाची खिडकी उघडून उत्तराची वाट पाहत बसते. ही बसवणी ‘सिस्टीम’ या विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली चालू असते आणि विंडोज व्हिस्टापासून त्या खात्याचे सत्र वापरकर्त्याच्या पडद्यापासून तोडलेले आहे. म्हणजे खिडकी उघडी आहे, पण ती कोणाला दिसणार नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये (सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हरचा पुढचा अवतार) ठरावीक मुदत, मुळात १२० मिनिटे, उलटल्यावर ते काम अयशस्वी म्हणून नोंदले जाते.

उत्तर ओळखणे : बसवणी संपली की इन्स्टॉलर एक आकडा परत देतो. शून्य म्हणजे यश. ३०१० म्हणजे यशच, पण रीस्टार्ट हवा. नवशिके याला चूक समजून पॅकेज पुन्हा पाठवतात. १६१८ म्हणजे दुसरी बसवणी आधीच चालू आहे, थोड्या वेळाने या. १६०३ म्हणजे ‘गंभीर चूक’, आणि एवढ्यावरून काहीही कळत नाही. अशा वेळी सविस्तर लॉग उघडून त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधायचे आणि तिथून वर वाचत जायचे : खरे कारण बहुधा त्याच्या वरच्या काही ओळींत सापडते, कधी फाइल वापरात होती म्हणून, कधी फोल्डरवर हक्क नव्हता म्हणून.

आकड्यावर विसंबणे धोक्याचे असल्याने ‘ओळखनियम’ वेगळा लिहितात : अमुक फाइल अमुक आवृत्तीची असेल, किंवा रजिस्ट्रीत अमुक नोंद असेल, तरच पॅकेज बसले असे धरावे. हा नियम चुकला की दोनपैकी एक होते. बसलेले पॅकेज ‘बसले नाही’ दिसून पुन्हापुन्हा पाठवले जाते, किंवा न बसलेले ‘बसले’ म्हणून हिरव्या रंगात झळकते. दुसरी चूक अधिक घातक. तिची तक्रार कोणी करत नाही. बसलेली सॉफ्टवेअरे मोजण्यासाठी विंडोजच्या ‘विन३२ प्रॉडक्ट’ या वर्गाला प्रश्न विचारण्याची सवयही अशीच घातक. तो प्रश्न प्रत्येक एमएसआय पॅकेजाची तपासणी सुरू करतो आणि वेळप्रसंगी दुरुस्तीही. नुसते मोजायला जावे आणि मशीन बदलून यावे.

विंडोज २००० पासून ग्रुप पॉलिसीमधून, म्हणजे जाळ्यातील मशीनना एकत्रित नियम लावण्याच्या अंगभूत सोयीतून, पॅकेज नेमून देण्याची सोय आहे. ती फुकट असल्याने लोकप्रिय झाली, पण किती मशीनवर बसले याचा अहवाल ती देत नाही. विंडोज एक्सपीवर जलद लॉगिनच्या सोयीमुळे पॅकेज बसायला कित्येकदा दोन रीस्टार्ट लागत.

जाळ्यावरील भार : हिशेब साधा आहे. ५०० एमबीचे पॅकेज २०० मशीनना पाठवायचे तर १०० जीबी. शाखेपर्यंतची जोडणी १० एमबीपीएसची असेल तर ती जवळपास २२ तास पूर्ण व्यापली जाईल. तेच पॅकेज शाखेतील एका वितरणबिंदूवर एकदाच नेले तर जोडणी सुमारे सात मिनिटांत मोकळी होते, पुढचे सर्व स्थानिक जाळ्यात. पार्श्वभूमीत हळूहळू उतरवून घेणारी ‘बिट्स’ सेवा विंडोज एक्सपीपासून आहे, आणि शेजारच्या मशीनकडून तुकडे घेण्याची पद्धत विंडोज ७ च्या ब्रँचकॅशपासून अंगभूत झाली.

प्रतिकृती व एसआयडीचा वाद : पॅकेजांऐवजी संपूर्ण डिस्कची प्रत उतरवणे ही समांतर परंपरा. घोस्ट हे तिचे सर्वांत परिचित साधन. प्रत्येक विंडोज मशीनला बसवणीच्या वेळी एक सुरक्षा-ओळखक्रमांक, एसआयडी, मिळतो; प्रतिकृती केली की तोही जसाच्या तसा उतरतो. हे घातक आहे अशी समजूत दीर्घकाळ होती आणि विंडोज-तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांचे ‘न्यूएसआयडी’ हे साधन क्रमांक बदलण्यासाठी सर्रास वापरले जाई. नोव्हेंबर २००९ मध्ये रुसिनोविच यांनीच ते मागे घेतले. मशीनचा एसआयडी जाळ्यावर ओळख पटवण्यासाठी वापरलाच जात नाही, तेव्हा डोमेन कंट्रोलर (जाळ्यातील खाती सांभाळणारे सर्व्हर) सोडता दोन मशीनचा क्रमांक एक असल्याने बिघडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मायक्रोसॉफ्टने मात्र प्रतिकृतीपूर्वी सिसप्रेप, म्हणजे मशीनची स्वतःची ओळख पुसणारे साधन, चालवण्याचा आग्रह सोडला नाही. तो आग्रह अनाठायी नव्हता. विंडोज अपडेट सर्व्हर मशीनला ओळखतो तो स्वतःच्या वेगळ्या क्रमांकाने, आणि तोही प्रतिकृतीत उतरतो. सिसप्रेपशिवाय उतरवलेली चाळीस मशीन यादीत एकाच ओळीत दिसतात. आज एकाचे नाव, उद्या दुसऱ्याचे. २०२५ मध्ये वादाला अनपेक्षित कलाटणी मिळाली. २९ ऑगस्ट व त्यानंतरच्या विंडोज अद्ययावतनांनी एसआयडीची तपासणी कडक केली, आणि समान क्रमांकाच्या मशीनमध्ये ओळख पटवणे अयशस्वी होऊ लागले. २००९ चे मत त्या काळच्या विंडोजपुरते बरोबर होते, असे आता म्हणावे लागते.

दुर्घटना व सुरक्षा : पॅकेज आधी मोजक्या मशीनवर, मग एका विभागात, मग सर्वत्र, असे टप्पे पाडण्याची प्रथा सर्वमान्य आहे. तिच्या अभावी काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण मे २०१४ मधले : अमेरिकेतील एका विद्यापीठात डिस्क पुसून विंडोज ७ बसवण्याचा आदेश चुकून सर्व विंडोज मशीनना गेला आणि आदेश देणारा सर्व्हरही त्यातून सुटला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीची एक सदोष फाइल ७८ मिनिटे बाहेर होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज उपकरणे कोलमडली. ती सॉफ्टवेअरची आवृत्ती नसून त्याला लागणाऱ्या माहितीची (‘कंटेंट’) फाइल असल्याने ग्राहकांनी पाडलेले टप्पे तिला लागू नव्हते. सुरू होताच कोसळणारे मशीन दुरून आज्ञा घेऊ शकत नाही, म्हणून हजारो ठिकाणी माणसाने मशीनपर्यंत चालत जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने पुसली.

वितरणाचे साधन ताब्यात आले की जाळेच ताब्यात येते. २०१७ च्या नॉटपेट्याने एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतनातून प्रवेश मिळवला आणि पुढे पसरण्यासाठी पीएसएक्झेक हे प्रशासकांच्या रोजच्या वापरातले साधन कामी आणले. २ जुलै २०२१ रोजी कसेया कंपनीच्या दूरव्यवस्थापन प्रणालीतून खंडणीखोर सॉफ्टवेअर थेट ग्राहकांच्या मशीनवर ‘वितरित’ झाले.

इतर प्रणाली : मॅकसाठी मुंकी व जॅम्फ ही साधने, लिनक्ससाठी त्याच्या निरनिराळ्या अवतारांचे (‘डिस्ट्रों’चे) स्वतःचे पॅकेज-व्यवस्थापक आणि त्यांवर पपेट, अन्सिबल इत्यादी साधने. मायक्रोसॉफ्टने इंट्यून ही मशीन-व्यवस्थापनाची सेवा २०११ मध्ये ढगात (क्लाउडवर) आणली व विनगेट ही पॅकेज बसवण्याची आज्ञा २०२१ मध्ये स्थिर स्वरूपात दिली.

काढून टाकणे : कोलोरॅडो विद्यापीठातून १९९८ साली निघालेल्या, कार्झानिगा व सहकाऱ्यांच्या अहवालात काढणे आणि निवृत्त करणे हे बसवण्याच्या बरोबरीचे टप्पे मानले आहेत. नंतरच्या लेखनात त्यांना तेवढी जागा मिळाली नाही. व्यवहारात विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी काढण्याची एक आज्ञा लिहिलेली असते. काही न विचारता निमूटपणे चालेल अशी दुसरी आज्ञा लिहिणे उत्पादकावर बंधनकारक नाही.