उजवी जास्वंद, डावी जास्वंद

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी मलूल होऊन गळतं. रोज एक फोटो काढायची सवय लावून घ्यायची असेल, तर म्हणूनच मी जास्वंद सुचवते. आजचं फूल राहून गेलं की गेलंच. आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये लाल जास्वंदीची एक कुंडी आहे. पूजेसाठी फूल खुडायच्या आधी त्याचा अगदी जवळून फोटो, हा नेम गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे.

सुरुवातीचे फोटो वाईट आले. फूल म्हणजे नुसता लाल डाग! शिरा नाहीत, चुण्या नाहीत. हात हलला म्हणावं, तर शेजारची पानं स्वच्छ दिसत होती. कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर, म्हणजे एकेका बारीक ठिपक्यावर, एक रंगीत गाळणी असते. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यातल्या निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला 1976 साली पेटंट मिळालं. उजेड किती आहे हे ठरवतानाही कॅमेरा हिरव्या रंगावर जास्त भिस्त ठेवतो. लाल पाकळीवरून हिरवा प्रकाश फारसा परततच नाही. मग कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो आणखी उजळवतो. तोवर लाल पिक्सेल काठोकाठ भरलेले असतात. भरलेल्या तांब्यात अजून पाणी ओतलं तरी पातळी तेवढीच राहते, तसा गडद लाल आणि फिका लाल यांतला फरकच पुसला जातो. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर फुलावर बोट टेकवायचं आणि उजेडाची खूण खाली ओढायची. फोटो थोडा काळपट वाटतो, पण पाकळीची एकेक शीर वर येते.

दुसरी अडचण फोकसची. जितकं जवळ जावं, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं उमटवलं, तर एफ/8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवूनही, हा थर जेमतेम 1 मिलिमीटरचा असतो. जास्वंदीची पुंकेसरांची दांडी तर बोटभर पुढे आलेली. तेव्हा टोक किंवा पाकळी, एकच काय ते धरता येतं. मी दोन फोटो काढते. बाजूनं काढला की पूर्ण दांडी एका पातळीत येते. टोकाच्या पाच मखमली गोंड्या म्हणजे कुक्षी, पराग झेलणारी टोकं, आणि त्यांच्याखाली पिवळ्या परागांचे गुच्छ. जास्वंदीचा परागकण 0.1 मिलिमीटरहून मोठा आणि अंगभर काटेरी असतो. मॅक्रो फोटोत ते रव्याच्या कणांसारखे सुटे दिसतात.

दुसरा फोटो समोरून, आणि खरी गंमत त्यातच सापडली. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका कडेनं शेजारणीवर चढलेली असते आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीखाली गेलेली असते. पाचही पाकळ्या अशा भिंगरीसारख्या एकाच दिशेनं वळतात. महिनाभराचे फोटो एकामागून एक सरकवताना दिसलं, की काही फुलं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळली आहेत, काही उलट. झाड तेच, कित्येकदा फांदीही तीच! एकेका सुट्या फोटोत हे मला कधीच कळलं नसतं. 1960च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले टी. ए. डेव्हिस यांनी जास्वंदीच्या कुळातल्या फुलांचा हा उजवा-डावा हिशेब बारकाईनं मांडला होता. जास्वंदीच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकार साधारण निम्मे निम्मे सापडतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रोज एक फूल आणि थोडी चिकाटी पुरते.

घरात अडकून पडल्यावर काय काम होणार, असं वाटतं तेव्हा मला इमोजेन कनिंगहॅम आठवतात. तीन लहान मुलं सांभाळताना या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी कॅमेरा बागेतल्या झाडांकडे वळवला. 1925 साली त्यांनी जवळून टिपलेलं मॅग्नोलियाचं फूल आजही त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामांपैकी एक आहे.

हल्ली मी आदल्या संध्याकाळीच कळी बघून ठेवते. उमलायच्या आधी ती मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते आणि टोकाकडून पाहिलं की वळण ओळखता येतं. उद्याची कळी वरच्या फांदीवर आहे. पीळ डावा दिसतोय.