बेचिराख गावांतले पाणी

महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात ज्या गावाला शिवार आहे, नकाशावर हद्द आहे, पण नांदते घर एकही उरलेले नाही, त्याची नोंद ‘बेचिराख’ अशी होते. या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, की तिथे आता दिवा लागत नाही. इंग्रजीने अशा गावांना भुतांचे नाव चिकटवले. आपल्या दप्तराने फक्त विझलेला दिवा टिपला आणि मला तेच अधिक नेमके वाटते. कॅनडाच्या पश्चिमेला, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या दऱ्यांत, अल्बर्टाच्या कोळसापट्ट्यात आणि सस्कॅचेवानच्या गव्हाच्या माळरानावर, अशी बेचिराख गावे शेकड्यांनी आहेत. ती का ओस पडली, याचे उत्तर बहुधा एका ओळीत देता येते: खाण संपली, धातूचा भाव कोसळला किंवा रेल्वेने रूळ उचलले. त्याहून अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. माणसे निघून गेल्यावर एखाद्या गावाचा काही दशकांत मागमूसही राहत नाही आणि दुसऱ्या गावातल्या फळ्या शंभर वर्षांनीही खिळ्यांसकट जागच्या जागी असतात, हे कशामुळे घडते? यांतली काही गावे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर उत्तर पुन्हा पुन्हा पाण्यापाशी येऊन थांबते.

सँडनपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तिथे पाण्याने गाव चालवलेही आणि मोडलेही. ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय भागातील स्लोकन परिसरात 1891 मध्ये एली कार्पेंटर आणि जॅक सीटन यांना चांदीयुक्त गॅलेना सापडले. गॅलेना हे शिसे आणि गंधक यांचे संयुग असून त्यात चांदी मिसळलेली असू शकते. इथे ती भरपूर होती. पाहता पाहता सँडनच्या अरुंद दरीत हॉटेले, दारूची दुकाने आणि दोन प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांची स्थानके उभी राहिली. या दोन कंपन्यांचे वैर इतके टोकाचे होते, की 1895 मध्ये एकीच्या माणसांनी दुसरीची इमारत दोर बांधून इंजिनाने ओढून पाडली. सपाट जागा इतकी कमी होती, की कार्पेंटर ओढ्याला लाकडी पन्हळीत कोंडून त्याच्यावरच मुख्य रस्ता बांधण्यात आला. ओढ्यावर रस्ता बांधणे याचा अर्थ ओढ्याशी कायमचा करार करणे असा होतो, आणि त्या कराराची एक अट अशी, की पन्हळीत अडकलेले ओंडके व दगड कोणीतरी नियमितपणे उपसत राहिले पाहिजेत.

चांदीची भरभराट ओसरली, लोक पांगले. 1942 मध्ये कॅनडा सरकारने किनारपट्टीवरून हुसकावलेल्या जपानी वंशाच्या शेकडो कॅनेडियन नागरिकांना या रिकाम्या घरांत आणून ठेवले, आणि तेही गेल्यावर ती घरे पुन्हा ओस पडली. अखेर 1955 च्या पुरात ओढा पन्हळ फोडून बाहेर आला आणि मुख्य रस्त्यासह बरेचसे गाव घेऊन गेला. वाहत्या पाण्याची ताकद वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. ती फार झपाट्याने वाढते. वेग दुप्पट झाला, तर पाणी ढकलू शकेल अशा सर्वांत जड दगडाचे वजन तत्त्वतः चौसष्टपट होते, म्हणूनच एरवी गुडघाभर असणारा डोंगरी ओढा पुराच्या एका रात्रीत घराएवढा मलबा हलवतो. गंमत अशी, की ज्या दरीतल्या पाण्याने गाव मोडले, त्याच दरीतल्या पाण्यावर 1897 साली सुरू झालेले सिल्व्हरस्मिथ हे छोटे जलविद्युत केंद्र आजही वीज निर्माण करते. गाव गेले तरी दिवा काही विझला नाही, त्यामुळे सँडनला काटेकोरपणे बेचिराख म्हणणे अवघडच आहे.

माळरानावरचे चित्र अगदी उलटे दिसते. सस्कॅचेवान आणि अल्बर्टाच्या गव्हाच्या प्रदेशात रेल्वेच्या कडेने लाकडी ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे धान्य उचलून साठवण्याचे उंच बुरूज, ठरावीक अंतराने उभारले गेले. घोडागाडीने धान्य पोहोचवून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, हा त्या अंतरामागचा हिशेब होता. 1930 च्या दशकात पश्चिम कॅनडात असे साडेपाच हजारांहून अधिक बुरूज होते. ट्रक आले, रस्ते सुधारले, धान्याची मोठी काँक्रीट केंद्रे उभी राहिली आणि घोड्याच्या पल्ल्यावर वसलेल्या गावांचे प्रयोजनच उरले नाही. तरीही बंद पडलेला बुरूज पडता पडत नाही. आडव्या फळ्या एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या त्याच्या भिंती धान्याचा प्रचंड दाब सोसण्यासाठी बांधलेल्या असतात, हे त्याचे एक कारण आहे; पण मुख्य कारण हवेत आहे.

लाकूड वयामुळे सडत नाही, ते बुरशीमुळे सडते. बुरशीचे तंतू लाकडातील सेल्युलोज आणि लिग्निन यांचे विघटन करून त्यावर जगतात आणि त्यासाठी त्यांना पाणी, हवा व थोडी ऊब या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल, तर बुरशीला पाय रोवता येत नाही. तो 30 टक्क्यांच्या आसपास गेला, की पेशींच्या भिंती पाण्याने तृप्त होऊन मोकळे पाणी साचू लागते आणि सडण्याला वेग येतो. दक्षिण सस्कॅचेवानमध्ये वर्षाकाठी सुमारे 350 ते 400 मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतो, हवा कोरडी असते आणि कित्येक महिने सारे गोठलेले असते. अशा ठिकाणी रंग उडालेली फळी उन्हाने रुपेरी होते, वाऱ्याने झिजते, पण आतून शाबूत राहते. याउलट प्रशांत किनाऱ्यावरच्या ओशन फॉल्स या कागदगिरणीच्या गावात वर्षाला चार मीटरांहून अधिक पाऊस होतो आणि हिवाळाही फारसा कडक नसतो. तिथली गिरणी 1980 मध्ये बंद झाली, पण माळरानावरच्या त्याहून कितीतरी जुन्या घरांच्या मानाने तिथली लाकडी घरे अधिक लवकर खचली. लाकूड कुजण्याचा धोका तापमान आणि पावसाळी दिवसांची संख्या यांवरून मोजण्याचा एक निर्देशांक अमेरिकी संशोधक शेफर यांनी 1971 मध्ये मांडला. त्यात पाऊस किती पडला यापेक्षा किती दिवस पडला याला महत्त्व आहे, कारण लाकडाला वाळायला उसंत मिळते की नाही, हाच कळीचा मुद्दा असतो.

माळरानावर घर नाहीसे झाले, तरी जागा ओळखता येते. सस्कॅचेवानमधील इंडियन हेड येथील सरकारी रोपवाटिकेतून वारा अडवण्यासाठी वाटलेली कॅरागाना नावाची सैबेरियाकडची काटक झुडपे आजही ओस जागांभोवती चौकोनात उभी दिसतात, आणि मधोमध मातीत खचलेला तळघराचा खड्डा असतो. रानात सरळ रेषा दिसली, की ती माणसाने आखली असे समजावे.

वनस्पतींची अशीच एक खूण अल्बर्टातील बँफ राष्ट्रीय उद्यानातल्या बँकहेडला सापडते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने 1903 मध्ये सुरू केलेली ही कोळशाची खाण 1922 मध्ये बंद पडली. इथला कोळसा ठिसूळ होता, त्याचा फार चुरा होई, आणि तो चुरा चिकट पदार्थात कालवून त्याच्या विटा पाडण्याचा खर्च परवडेनासा झाला. घरे उचलून बँफ आणि आसपासच्या गावांत नेली गेली. आज काँक्रीटचे पाये, दिव्यांच्या कोठाराच्या भिंती आणि कोठेही न पोहोचणाऱ्या चर्चच्या पायऱ्या उरल्या आहेत. मात्र कोळसा निवडणाऱ्या चिनी कामगारांनी आपल्या वस्तीत लावलेला ऱ्हुबार्ब, म्हणजे आंबट देठांसाठी लावले जाणारे रोप, अजून दर वसंतात फुटतो. ऱ्हुबार्बला कडक थंडी लागतेच, त्याचा कंद बहुवर्षायू असतो आणि पानांत विषारी ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळे चरणारी जनावरे बहुधा त्याच्या वाटेला जात नसावीत. त्या कामगारांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या वाफ्यांच्या जागा मात्र ठाऊक आहेत.

बँकहेडपासून थोड्याच अंतरावर मिनेवांका सरोवर आहे आणि त्याच्या तळाशी मिनेवांका लँडिंग हे पर्यटकांचे एकेकाळचे गाव आहे. युद्धकाळात विजेची गरज वाढल्यामुळे 1941 मध्ये नवे धरण बांधले गेले, पाण्याची पातळी सुमारे 30 मीटरने वाढली आणि गाव बुडाले. दुसरीकडचे दिवे लागावेत म्हणून हे गाव बेचिराख झाले. पाणबुडे तिथे आजही पाये, 1912 सालचे जुने धरण आणि पुलाचे लाकडी खांब पाहतात. लाकूड पाण्यात असून का टिकले, हा प्रश्न पडणे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर वरच्या तीन अटींतच आहे: पूर्ण बुडालेल्या लाकडाच्या पेशी पाण्याने इतक्या भरून जातात, की बुरशीला हवाच मिळत नाही, शिवाय समुद्रातले लाकूड पोखरणारे किडे गोड्या पाण्यात नसतात आणि सरोवर बर्फासारखे थंड असते. म्हणजे लाकूड सदा कोरडे राहिले तर टिकते आणि सदा बुडालेले राहिले तरी टिकते. त्याचा घात होतो तो मधल्या, कधी ओल्या तर कधी दमट अवस्थेत, आणि बहुतेक ओस घरांच्या वाट्याला नेमकी तीच येते. छपराची एक चीप निसटते, थेंब वाशावर पडू लागतो, वासा खचतो, पुढच्या हिवाळ्यात त्यावर बर्फाचे ओझे येते.

ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य किनाऱ्यावर, अलास्काच्या सीमेजवळ, निसर्गाने आणि बाजाराने मिळून जणू एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. एन्यॉक्स हे ग्रॅन्बी कंपनीचे तांब्याचे गाव; 1914 मध्ये त्याची भट्टी पेटली आणि 1935 मध्ये विझली. तांब्याचे खनिज गंधकयुक्त असल्यामुळे ते भाजताना सल्फर डायॉक्साइड बाहेर पडे. त्या ओलसर हवेत त्याचे आम्ल होऊन पावसाबरोबर खाली येई आणि मैलोगणती रान करपून जाई. करपलेल्या लाकडाला आग लागायला काय उशीर? 1923 च्या वणव्याने गावाचा मोठा भाग जाळला, तो पुन्हा बांधला गेला, आणि गाव सोडल्यानंतर 1940 च्या दशकातल्या आगीत उरलेली लाकडी घरेही गेली. आज तिथे विटांच्या भिंती, काँक्रीटचे उंच धरण आणि काळ्या धातुमळीचे डोंगर आहेत. धूर थांबल्यावर रान मात्र हळूहळू परतले.

त्याच परिसरात, जवळच्या खाडीवर, किटसॉल्ट आहे. पोलादाला बळकटी देणाऱ्या मॉलिब्डेनमचा भाव 1970 च्या दशकाच्या अखेरीस चढला, म्हणून घरे, रुग्णालय, बाजार आणि पोहण्याचा तलाव यांसह सुमारे 1,200 लोकांचे गाव नव्याने वसवले गेले. 1982 मध्ये भाव कोसळला आणि जेमतेम दीड वर्ष राहून लोक निघून गेले. या शतकाच्या पहिल्या दशकात तामिळनाडूत जन्मलेले उद्योजक कृष्णन सुथंथिरन यांनी अख्खे गाव विकत घेतले. राखणदारांनी घरे गरम ठेवली, वीज चालू ठेवली, हिरवळ कापत ठेवली. त्यामुळे पाऊस तोच आणि लाकूडही तेच असूनही चाळीस वर्षांपूर्वीचे गालिचे आणि दुकानांच्या फळ्या जवळजवळ होत्या तशा राहिल्या. खोलीतली हवा दहा-अकरा अंशांनी तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. बुरशीची कोंडी करायला तेवढे पुरते. शिवाय पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते आणि नळ फोडते, तेही ऊब असल्यामुळे टळते. रिकाम्या गावासाठी वर्षानुवर्षे इंधनाचे बिल भरणारा मालक प्रत्येक गावाला मिळत नाही, हे खरेच.

अशा जागा पाहायला जाणाऱ्यांना छत कोसळण्याची भीती वाटते ती रास्त आहे, पण दोन धोके डोळ्यांना दिसत नाहीत. बंद घरांत डिअर माउस जातीच्या उंदरांचा सुळसुळाट असतो आणि त्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस श्वासावाटे शरीरात जाऊ शकतो. कॅनडातील त्याचे बहुतेक रुग्ण पश्चिमेकडच्या प्रांतांतच आढळतात आणि त्यांपैकी साधारण एक-तृतीयांश दगावतात. म्हणून अशा जागी झाडू न मारता आधी जंतुनाशकाने ओले करावे, असे सांगितले जाते. दुसरा धोका खाणीच्या तोंडाशी असतो. ओलसर बोगद्यात गंधकयुक्त खनिज गंजते आणि आधाराचे ओंडके कुजतात. या दोन्ही क्रियांत प्राणवायू खर्ची पडतो आणि वास किंवा रंग यांची कसलीही सूचना न देता आतली हवा प्राणघातक होते.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापलीकडील हैदा ग्वाय द्वीपसमूहातील स्गांग ग्वाय या गावाला मी वरच्या यादीत बसवणार नाही. ते कोणत्याही बाजारभावाने ओस पडले नाही. 1862 मध्ये व्हिक्टोरियाहून पसरलेल्या देवीच्या साथीने हैदा या तिथल्या मूळ रहिवाशांची गावेच्या गावे नेली आणि उरलेल्यांना 1880 च्या दशकात इतरत्र जावे लागले. तिथले कोरीव स्मृतिस्तंभ पश्चिमी रेड सीडरचे आहेत. या झाडाच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची बुरशीरोधक द्रव्ये असल्यामुळेच ते इतक्या पावसात दीडशे वर्षे तग धरून आहेत. पण ही द्रव्ये पावसाने हळूहळू धुऊन जातात, माथ्यावर नवी रोपे रुजतात आणि त्यांची मुळे स्तंभ चिरत खाली उतरतात. 1981 मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा ठरवले. हैदांनी मात्र जागेवर उरलेले स्तंभ काचेआड नेले नाहीत. कलणाऱ्यांना आधार देऊन, मुळे काढून त्यांचे कुजणे लांबवले आहे आणि अखेर ते मातीत मिळणार, हेही मान्य केले आहे. उन्हाळ्यात तिथे हैदा राखणदार राहतात. किनाऱ्याला लागण्याआधी पाहुण्याने त्यांना रेडिओवरून विचारायचे असते, एका वेळी बाराजणांनाच उतरता येते, आणि पांढऱ्या शिंपल्यांनी आखलेल्या वाटेच्या आतच चालायचे असते.