वापरलेल्या साहित्यातून समुद्री मत्स्यालय उभारताना

घर बदलताना किंवा दुसऱ्या शहरात बदली झाल्यावर खाऱ्या पाण्याचा टँक सोबत नेणे फार जिकिरीचे असते, त्यामुळे काचपेटी, स्टँड, पंप, स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील सेंद्रिय मळ काढणारे यंत्र) आणि दिवे असा सगळा संच एकदमच विकायला निघतो. समुद्री मत्स्यालयाच्या खर्चाचा मोठा भाग साहित्यावर जात असल्याने नवख्या हौशी माणसाने असा संच घेणे शहाणपणाचेच आहे. मात्र घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा: या साहित्यात आजवर काय मुरले आहे? काच पाण्यातले जवळजवळ काहीच शोषून घेत नाही. सच्छिद्र खडक, वाळू आणि फिल्टरमधील माध्यमे मात्र पाण्यातील द्रव्ये दीर्घकाळ धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू नव्या पाण्यात सोडत राहतात.

त्यांतले सर्वांत घातक द्रव्य म्हणजे तांबे. समुद्री माशांना क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो आणि त्यावर तांब्याच्या क्षारांचा उपचार अनेक वर्षांपासून केला जातो. लिटरमागे सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबे बहुतेक मासे सहन करतात, पण तेवढ्याच मात्रेने कोळंबी, गोगलगायी आणि समुद्रपुष्पे मरतात. टँकमधील खडक आणि वाळू प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि तांबे त्याला सहज चिकटते. म्हणूनच खडक असलेल्या टँकमध्ये औषधाची मात्रा टिकत नाही. पुढे पाणी बदलले की हेच तांबे उलट पाण्यात उतरू लागते. त्यामुळे टँकमध्ये कधी औषध टाकले होते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि उत्तर काहीही असले तरी जुनी वाळू घेऊ नये. तळाच्या वाळूत साठलेला गाळ हलवल्यावर विषारी हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडू शकतो, हे तिला नकार देण्याचे आणखी एक कारण आहे. काचेच्या सांध्यांतील सिलिकॉनही तांबे धरते, असे अनेक हौशी लोक सांगतात. माझ्या मते खडक आणि वाळूच्या तुलनेत हा धोका लहान आहे, तरीही धुतलेला टँक आठवडाभर खाऱ्या पाण्याने भरून ठेवून त्या पाण्याची तांब्याची चाचणी करणे अवघड नाही.

खडकाच्या बाबतीत भारतात कायद्याचाही प्रश्न येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना संरक्षण आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा खडक पुष्कळदा प्रवाळांच्या सांगाड्यांचाच असतो, त्यामुळे संचासोबत तो फुकट मिळत असला तरी घेऊ नये. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक वापरावा. सिमेंटचा असल्यास तो काही आठवडे साध्या पाण्यात मुरवून ते पाणी वरचेवर बदलावे, नाहीतर त्यातील चुन्यामुळे टँकच्या पाण्याचा सामू (पीएच) वाढतो.

काचपेटी पाहताना सांध्यांच्या बाहेरच्या बाजूला पांढरे ओघळ शोधावेत. गळती थेंबभर असली तरी पाणी वाळून मीठ मागे राहते आणि गळणारा सांधा स्वतःच दिसून येतो. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. नुसत्या त्या पाण्याचे वजन २६० किलोच्या आसपास भरते, म्हणून स्टँडचे गंजलेले जोड आणि जमिनीची पातळी गांभीर्याने तपासावी. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट चिकटत नाही, त्यामुळे गळका सांधा वरून बुजवण्यापेक्षा पूर्ण खरवडून नव्याने भरावा लागतो.

पंप आणि स्किमर यांच्यावर साचलेला पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये विरघळतो. सेंद्रिय मळ आणि रोगजंतू घालवण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे घरगुती ब्लीचचे, सौम्य द्रावण चालते. मात्र ही दोन्ही द्रावणे कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यांच्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. एक काम पूर्ण झाल्यावर भरपूर पाण्याने धुऊन मगच दुसरे हाती घ्यावे आणि शेवटी सर्व भाग कडक उन्हात वाळवावेत. स्किमर हे यंत्र खाऱ्या पाण्याच्या एका सुंदर गुणधर्मावर चालते: क्षारांमुळे हवेचे बारीक बुडबुडे एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत, त्यामुळे त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा राहतो आणि त्यावर सेंद्रिय द्रव्ये गोळा होऊन फेसाबरोबर वरच्या भांड्यात येतात. पंपातील चुंबकाचे आवरण तडकलेले असेल आणि आत गंज दिसत असेल, तर तो पंप टाकून द्यावा. जुना हीटरही घेऊ नये. समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा सुमारे शंभरपट अधिक विद्युतवाहक असते. हीटरच्या काचेला गेलेली बारीक चीर जीवघेणी ठरू शकते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय टँकची कोणतीही वायर जोडू नये.

महाराष्ट्रात वर्षातील बराच काळ हीटरपेक्षा पाणी थंड ठेवण्याची गरज जास्त भासते. जुना चिलर मिळत असल्यास त्यातील पाण्याची नळी टायटॅनियमची आहे याची खात्री करावी, कारण तांब्याची नळी खाऱ्या पाण्यात झिजून पुन्हा तेच विष सोडते. लहान टँकला पृष्ठभागावर वारा सोडणारा पंखाही पुरतो: १ लिटर पाण्याची वाफ होताना २५० लिटर पाण्याचे तापमान सुमारे अडीच अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता खर्च होते. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून ही तूट गोड्या पाण्यानेच भरून काढायची असते. मुंबईच्या दमट पावसाळ्यात मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

खारे पाणी मिठागरातल्या खड्या मिठापासून करता येईल, असे अनेकांना वाटते. पण मिठागरात पाणी आटताना आधी कॅल्शियमचे क्षार तळाला बसतात, मग सोडियम क्लोराइडचे स्फटिक तयार होतात आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते. त्यामुळे खडे मीठ विरघळवून समुद्र परत मिळत नाही. मत्स्यालयासाठीचे तयार मीठ लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात आरओच्या पाण्यात मिसळावे. घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्रात पुष्कळदा चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळली जातात, म्हणून पाणी त्या टप्प्याच्या आधी घ्यावे. क्षारता मोजण्यासाठी जुना रिफ्रॅक्टोमीटर चालतो, पण तो दर हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. चाचणी किट मात्र नवेच घ्यावे, कारण त्यातील रसायनांची मुदत संपते.

यानंतर जिवाणूंची पाळी येते. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू विक्रेत्याच्या ओल्या फिल्टरमध्ये भरपूर असतात आणि ते जिवंत आणले तर काही आठवडे वाचतात. परंतु त्याच ओलाव्यात क्रिप्टोकॅरिऑनच्या पुट्याही (परजीवीची कवचबंद अवस्था) जिवंत राहतात, म्हणून पहिल्या टँकसाठी सर्व काही वाळवून शून्यापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. २०० लिटर पाण्यात प्रयोगशाळेतील शुद्ध अमोनियम क्लोराइड सव्वा ग्रॅम टाकले, की लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. हा अमोनिया आणि त्यापासून बनलेला नायट्राइट, दोन्ही २४ तासांत शून्यावर येऊ लागेपर्यंत साधारण ४ ते ६ आठवडे जातात. या काळात एकही मासा सोडू नये: समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असल्याने अमोनियाचा विषारी अंश गोड्या, उदासीन पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यानंतर बरेचसे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावे आणि कैदेत जन्मलेल्या विदूषक माशांची एक जोडी आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून मग मुख्य टँकमध्ये सोडावी.