लेकरू घरी आल्यानंतर : दत्तक कुटुंबांच्या मदतीमागचा इतिहास

परभणीतल्या एका शिक्षक जोडप्याच्या घरी सात वर्षांची मुलगी दत्तक आली. पहिले चार महिने ती नव्या आईला ‘मावशी’ म्हणायची. ती आधी राहत होती त्या संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्याच बायका मावशी. तिच्या लेखी ही आणखी एक मावशी, आणि मावशीची ड्यूटी बदलते हे तिला पक्कं ठाऊक होतं. रात्री लाइट गेली की अंथरूण उचलून ती दारापाशी जाऊन झोपायची. संस्थेत मुलं ओळीनं झोपत आणि ट्यूबलाइट रात्रभर चालू असे. इथं स्वतंत्र खोली आणि मिट्ट काळोख. समोर ताट वाढलेलं असलं तरी ‘घेऊ का?’ असं विचारल्याशिवाय घासाला हात लावायची नाही. घरात कुणी रागावलं की दुसऱ्या दिवशी शाळेतून कुणाची तरी पेन्सिल, कुणाचा डबा दप्तरात घालून आणायची. शेजारीपाजारी म्हणायचे, ‘सर, कितीही केलं तरी रक्त ते रक्तच.’ वर्षभरानं सरांनी मला विचारलं, ‘लेकरू परत द्यावं लागतं का हो कधी? कुणाला विचारायचं हे?’

या घराची मला काळजी वाटली, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाची जास्त. दोघंही शिकलेले, कागदपत्रं चोख, तरी अडचणीत कुणाचं दार वाजवायचं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. मदतीच्या सोयी आहेत, पण त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी तयार झाल्या आणि एकमेकींपासून लांब राहिल्या. त्या अशा का राहिल्या, हे दत्तकाच्या आपल्याकडच्या वाटचालीत दिसतं.

मराठवाड्यात ‘दत्तक’ हा शब्द जमिनीच्या कागदांमधून घराघरांत पोचला. मूलबाळ नसलेल्या देशमुख-पाटलानं पुतण्याला नाहीतर भाच्याला मांडीवर घ्यायचं, दत्तकाचा होम, म्हणजे दत्तहोम करायचा, भावकीला जेवू घालायचं. गावानं पाहिलं की दत्तविधान पक्कं. वतन, इनाम, जहागीर मागे राहणार असेल तर निजाम सरकारच्या दरबारी वारसा मान्य करून घ्यायची वेगळी धावपळ. या सगळ्यात लेकराच्या मनाचा विचार कितपत होता, ते एका गोष्टीवरून कळेल. मुंबईकडच्या हिंदू कायद्याच्या परंपरेत दत्तक जाणाऱ्याला वयाची अटच नव्हती. लग्न झालेला, स्वतःची लेकरं असलेला बाप्याही दत्तक जाऊ शकत होता. मुलीला मात्र दत्तक जाता येत नव्हतं. पिंडाला आणि सातबाऱ्याला हवा होता तो मुलगाच.

तरीही त्या दत्तकात एक गोष्ट आपोआप होती, जी पुढे हरवली. लेकरू कुठून आलं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि लेकरालाही. जन्मदाती आई चार कोसांवर असायची. नव्या घरी रुसवा झाला की पोरगं आजोळी जाऊन आठ दिवस राहायचं, आजी समजूत घालायची, मामा आणून सोडायचा. भांडणं होत, वारसाहक्काचे खटले तर पिढ्यान्‌पिढ्या चालत, पण ‘हे लेकरू आमच्याच्यानं आवरत नाही’ असं म्हणायला आणि ऐकून घ्यायला आसपास माणसं होती. त्याला कुणी समुपदेशन म्हणत नव्हतं, इतकंच.

अनोळखी लेकराची गोष्ट निराळी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि १८७४ मध्ये एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात बालकाश्रम उभा केला. पंढरपूर मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचं गाव, वारीला आपल्याकडची माणसं तिथंच जाणार. कुणाला सांगता येणार नाही असं बाळंतपणही कधी तिथंच व्हायचं. (गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली, असं परंपरा सांगते. ती त्या घरात वाढली, पण तिला कुणी मांडीवर घेतलं नाही. परक्या घरात वाढणाऱ्या लेकराचं नातं काय, हा प्रश्न आपल्या मातीत किती जुना आहे, ते यावरून लक्षात यावं.)

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या आणि दत्तकामागचं एक मोठं कारण सैल झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबरला, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू झाला. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, स्त्रीला स्वतःच्या नावानं दत्तक घेता येऊ लागलं. त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं की एकदा रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. आईबापांनाही नाही आणि लेकरालाही नाही. लेकराच्या दृष्टीनं ही मोठी ढाल आहे. पण हा कायदा दत्तकपत्र झालं की थांबतो. घर कसं आहे हे आधी कुणी पाहत नाही, नंतरही कुणी येत नाही. आजही खेड्यापाड्यांत नात्यातलं दत्तक याच कायद्यानं, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवून होतं. अशा घरांत पुढे काही बिघडलं तर त्यांच्या नावाची फाइल कुठल्याच संस्थेत नसते.

मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना तर फार काळ एवढंही नव्हतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानं त्यांना फक्त पालक होता यायचं, आईबाप नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे मुस्लिम वस्ती मोठी. तिथली किती घरं या अर्धवट नात्यात राहिली असतील. मुलांच्या काळजी-संरक्षणासाठीच्या बालन्याय कायद्यानं, मुख्यतः २००० च्या कायद्यानं आणि २००६ च्या दुरुस्तीनं, ही वाट सगळ्या धर्मांना खुली झाली आणि २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं.

देशपातळीवरची शिस्त आली ती परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांमुळे. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राची याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्या. भगवती यांच्या पीठानं मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. त्यातून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा, म्हणजे सगळे जिला ‘कारा’ म्हणतात ती, उभी राहिली. या सगळ्याचा रोख लेकराची विक्री थांबवण्यावर होता, आणि तो असायलाच हवा होता. घरी गेल्यावर काय, हा प्रश्न मागच्या बाकावर राहिला.

मोठ्या वयाच्या लेकरांच्या बाबतीत आपल्याकडे डोळे उघडले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात हजारो माणसं गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभं केलं. दोन्ही कामं मोठी. पण त्या काळी दत्तक म्हटलं की तान्हं बाळ हेच डोळ्यांसमोर यायचं. आठ-दहा वर्षांचं, घर कोसळताना पाहिलेलं लेकरू एखाद्या कुटुंबात रुजवायचं तर त्या कुटुंबाला किती आधार लागेल, हे शिकण्याची ती वेळ होती. आपण वसतिगृहं बांधली. कुटुंबांना आधार द्यायला शिकलो नाही. २०२१ च्या कोरोना लाटेत मोबाइलवर ‘दोन महिन्यांची मुलगी, दत्तक हवी असल्यास संपर्क करा’ असे निरोप फिरले, तेव्हाही सगळ्यांच्या मनात तान्हंच लेकरू होतं. तशी देवाणघेवाण हा गुन्हा आहे आणि बालन्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ऑगस्ट २०१५ पासून दत्तकाची नोंदणी देशभर ऑनलाइन झाली. त्याआधी संस्थेतल्या ताई घरी येऊन गेलेल्या असायच्या. कुठलं लेकरू कुठल्या घरात रमेल, याचा त्यांना अंदाज असायचा. आता यादीतला क्रमांक, लेकराचा फोटो, वैद्यकीय अहवाल आणि होकार द्यायला ४८ तास. वशिल्याला आळा बसला, हे मी मनापासून चांगलं मानते. पण नांदेडच्या घरी दुसऱ्या राज्यातलं लेकरू आलं तर पहिल्या दिवसापासून दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, आणि लेकराला ओळखणारी मावशी पार हजार किलोमीटरवर. आईबापांच्या वयाचाही परिणाम होतो. जोडप्याच्या वयाची बेरीज ८५ च्या वर गेली की दोन वर्षांच्या आतलं बाळ मिळत नाही. उशिरा नोंदणी केलेली जोडपी साहजिकच मोठ्या लेकरांकडे वळतात. मन मात्र बाळासाठी तयार केलेलं असतं, आणि अनेक घरांत गाडी तिथंच अडते.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानं आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीनं मात्र घरी गेल्यानंतरच्या काळाची दखल घेतली. लेकरू आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येतं, मग दत्तकाचा आदेश होतो. सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा व्हायला हवा. न जमण्याचीही दोन रूपं नियमावली मानते. आदेशाआधी न जमलं तर लेकराला पुन्हा संस्थेकडे घेता येतं. आदेशानंतर मात्र रीतसर अर्ज आणि चौकशी लागते, लेकराचं पुढचं नियोजन निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर येतं. त्याआधी समुपदेशन मिळवून देणं ही दत्तक संस्थेची किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाची जबाबदारी आहे, असं नियमावलीतच लिहिलंय. सरांना हे माहीत नव्हतं. ‘तक्रार केली तर लेकरू काढून नेतील’ ही भीती मनात धरून ते गप्प होते.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष २००९ नंतर केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून आले. आज ते केंद्राच्याच मिशन वात्सल्य योजनेखाली चालतात आणि बहुतेक ठिकाणी महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला जोडून असतात. दत्तकपत्रवाल्या, म्हणजे संस्थेची फाइल नसलेल्या घरांनीही इथं जायला हरकत नाही. लेकराचं संरक्षण हेच त्यांचं काम. बोलण्यात, वाढीत, ऐकण्यात अडचण वाटली तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र पाहावं, तिथं वाचा-उपचार आणि मानसतज्ज्ञ एका छताखाली मिळू शकतात. आणि मराठवाड्यात एक दार वेगळ्याच दुःखातून उघडलं. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’मुळे आपल्या जिल्ह्यांत मानसिक आरोग्याची माणसं सरकारी दवाखान्यात दिसू लागली. दत्तक आईबापांनी त्यांच्याकडे जायला संकोच करू नये. घरातून बाहेर पडणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, लेकरू संकटात असेल तर चाइल्डलाइनचा १०९८. निराधार मुलं सांभाळणाऱ्यांसाठीच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये दत्तक कुटुंबासाठी नसतात, हेही माहीत असावं. त्यावरून बरेच हेलपाटे होतात.

संभाजीनगरला ‘साकार’सारख्या दत्तक संस्थेमुळे दत्तक पालक एकमेकांना भेटू शकले, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. ‘आमचीही वर्षभर मावशीच म्हणायची’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून वेगळं लागतं आणि दुसऱ्या आईच्या तोंडून वेगळं. हिंगोली, धाराशिव, बीडसारख्या जिल्ह्यांतून त्यासाठी एसटीनं दिवस मोडून यावं लागतं, ही खरी अडचण. बीड जिल्ह्यात तर २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या भागात मुलगी नकोशी होते, तिथं एखाद्या घरानं मुलगी दत्तक आणली तर त्या घराला गावात टोमणे जास्त आणि आधार कमी मिळतो.

परभणीच्या घरी पुढे काय झालं ते सांगते. मी सरांना संस्थेतल्या समाजकार्यकर्त्या ताईंना फोन करायला लावला. ताई आल्या, मुलीशी अंगणात बोलल्या, आणि आईला दोनच गोष्टी सांगितल्या : रात्री तिच्या खोलीत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा, आणि तिच्या हातात भाकरीच्या टोपल्याचं काम द्या, ताटं तीच वाढेल. पेन्सिली परत करायला आई तिच्यासोबत शाळेत गेली, रागावली नाही. उन्हाळ्यात ती पंधरा दिवस सरांच्या सासुरवाडीला राहिली. आजीनं तिचे केस विंचरले, उवा काढल्या, आणि आईला पंधरा दिवस झोप मिळाली. चोरी थांबायला आणखी वर्ष गेलं.

चार अहवाल झाले आणि नियमाप्रमाणे पाठपुरावा संपला. सहावीत गेल्यावर वर्गातल्या कुणीतरी ‘तुझी खरी आई कुठंय’ म्हटलं, आणि मुलगी तीन दिवस जेवली नाही. त्या संध्याकाळी सरांनी पुन्हा त्याच ताईंना फोन केला. कागदावर पाचव्या भेटीसाठी जागा नव्हती. ताई दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीनं आल्या.