मवाळ उमेदवार, कुंपणावरची मतं आणि कोकण

"कट्टर मतं जातात कुठं? कुंपणावरची ओढायची तर मवाळ माणूस द्या." तिकीटवाटपाच्या दिवसांत कोकणात हा सल्ला सगळ्याच पक्षांत फिरतो. त्यामागचं गणित अमेरिकेतलं आहे. 1957 साली अँथनी डाऊन्स या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की पक्ष दोनच असतील आणि मतदार डावीकडून उजवीकडे एका रेषेत उभे असतील, तर दोघंही मधल्या मतदाराकडे सरकत जातात.

नेमक्या त्याच 1957 साली राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत गेले. ते प्रजासमाजवादी, आणि वारं संयुक्त महाराष्ट्राचं. मुंबईसह राज्य हवं की नको, या प्रश्नात मधली जागा होती कुठे? पुढे संयुक्त महाराष्ट्र समिती विस्कटली, तरी 1962 आणि 1967 मध्ये नाथ पै निवडून आलेच.

जानेवारी 1971 मध्ये ते गेले आणि जागा मधू दंडवत्यांकडे आली. त्या वर्षी इंदिरा लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे देशभरात दोनच खासदार आले, त्यातले एक दंडवते. 1984 च्या लाटेत जनता पक्षाला दहा जागा मिळाल्या, त्यातही राजापूर होतंच. दंडवते सलग पाच वेळा जिंकले. त्यांना मवाळ म्हणायची पद्धत आहे, पण मवाळ होती ती जीभ. धोरणाने ते काँग्रेसच्याही डावीकडचे आणि आणीबाणीत तुरुंगात गेलेले. त्यांना पक्षाबाहेरची मतं मिळाली ती माणूस बघून. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या बसवायला घेतल्या, हे इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. डाऊन्सच्या रेषेवर ही गादी कुठे ठेवणार?

1991 मध्ये मात्र दंडवते पडले. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पण मधल्या काळात लालबाग-परळच्या चाकरमान्यांबरोबर शिवसेना गावागावांत उतरली होती. 1990 साली नारायण राणे मालवणातून आमदार झाले होते. लढत तिरंगी झाली, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. दोन पक्षांसाठी मांडलेलं गणित तिसरा आला की बिघडतं, कारण मधे उभा असलेला दोन्हीकडून कापला जातो.

1996 साली शिवसेनेने सुरेश प्रभूंना उभं केलं. चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचं अध्यक्षपद सांभाळलेला, आवाज न चढवणारा माणूस. आक्रमक पक्षाला सौम्य चेहरा, आणि चार विजय. मवाळपणाचं नाणं खणखणीत वाजतं असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मग 2005 मध्ये राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, शाखांमधली बरीच माणसं त्यांच्यामागून गेली, आणि 2009 मध्ये तेच प्रभू राणेंचे चिरंजीव नीलेश राणेंकडून हरले. चेहरा तोच होता, बूथवर बसणारे हात गेले होते.

अमेरिकेतही हे गणित पुढे बरंच दुरुस्त झालं. तिथे चाळीस टक्क्यांहून अधिक लोक स्वतःला कुठल्याच पक्षाचे नाही म्हणवतात, पण 1992 च्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं की त्यांतले बहुतेक दर वेळी एकाच बाजूला मत देतात. खरे कुंपणावरचे थोडेच. 2018 मध्ये अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांनी आणखी एक धागा पुढे आणला. टोकाचा उमेदवार हरतो त्याचं मोठं कारण म्हणजे त्याला पाडायला समोरच्या पक्षाचे मतदार जास्त संख्येने घराबाहेर पडतात. म्हणजे मवाळ उमेदवाराचा मुख्य फायदा असा, की तो समोरच्यांना चेव आणत नाही.

कोकणात हा मुद्दा लगेच पटतो, कारण इथे मत वळवण्याइतकंच मत आणणं महत्त्वाचं. मतदानाच्या आदल्या रात्री विरार, नालासोपारा, दिव्याहून गाड्या सुटतात. कोणाच्या गाडीत कोण बसलं, यावरून वाडीला निकालाचा अंदाज येतो. शिवाय अनेक ठिकाणी गावकीची बैठक किंवा मुंबईतलं मंडळ आधीच ठरवतं आणि वाडी एकगठ्ठा जाते. एकट्याने विचार करून ठरवणारा मतदार आहे, नाही असं नाही. पण त्याच्या भरवशावर कोणी गाड्या सोडत नाही.

मात्र अटीतटीच्या लढतीत थोडी मतंही पुरतात. रायगडमध्ये 2014 साली अनंत गीते सुनील तटकरेंपेक्षा 2,110 मतांनी पुढे राहिले. त्याच यादीत सुनील तटकरे नावाचाच एक अपक्ष होता आणि त्याला 9,849 मतं पडली. ही मतं मवाळांची की कट्टरांची, हे शोधण्यात अर्थ नाही. त्यांतली बरीचशी नाव वाचून चुकलेली असणार. नामसाधर्म्याचे असे घोळ टाळायला 1 मे 2015 नंतरच्या निवडणुकांत मतदान यंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचा फोटो लागू लागला.