सीएफएलमधला पारा: मर्यादा आली कशी, अडली कुठे

ठाणे जिल्ह्याला पारा नवा नाही. उल्हास नदीकाठच्या कॉस्टिक सोडा कारखान्यांत पाऱ्याचे सेल चालत, आणि त्यांतून सुटलेला पारा खाडीच्या गाळात उतरला. पण तो पारा निदान ठरावीक गटारांतून येत होता, कुठून येतो ते दाखवता येत होतं. सीएफएलने, म्हणजे वळवलेल्या बारीक नळीच्या वीज वाचवणाऱ्या दिव्याने, पारा घराघरांत वाटला.

या दिव्यात पाऱ्यावाचून काम होत नाही. नळीत अत्यल्प दाबाचा आरगॉन आणि पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की पाऱ्याचे अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात आणि काचेच्या आतली फॉस्फरची पांढरी भुकटी त्यांचा उजेड करते. एका वेळी वाफ लागते अगदी थोडी. तरी पारा जास्तीचा घालतात, कारण दिवा जळत असताना काच आणि भुकटी तो शोषत राहतात. पुरेसा उरला नाही की दिवा मंद, गुलाबीसर दिसतो. तो उजेड आरगॉनचा.

खरी गोम होती भरण्यात. जुन्या पद्धतीत हवा काढायच्या बारीक नळीतून द्रव पाऱ्याचा थेंब सोडत. ५ मिलिग्रॅम पारा म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर व्यासाचा गोळा, मोहरीच्या दाण्याहून लहान. एवढा थेंब दर वेळी सारखाच पडेल अशी यंत्रं महाग. काही नळीला चिकटतो, काही तापलेल्या काचेवर उडून जातो. दिवा कमी पाऱ्याने मरण्यापेक्षा जास्त पडलेला बरा, हा कारखान्याचा साधा हिशेब. यावर उपाय निघाला घन स्वरूपातल्या पाऱ्याचा: जस्त-पाऱ्याची किंवा बिस्मथ-इंडियमच्या मिश्रधातूतली गोळी. गोळीत पारा मोजून असतो, सांडत नाही, कारखान्यात त्याची वाफही होत नाही. बिस्मथ-इंडियमचे दिवे लावल्यावर पूर्ण उजळायला मिनिटभर घेतात, ते गोळी तापायला लागणाऱ्या वेळामुळे.

युरोपने २००६ च्या जुलैपासून सीएफएलला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ३० वॅटच्या आतल्या दिव्यांसाठी ती २०१२ मध्ये ३.५ आणि २०१३ मध्ये २.५ वर आली. हे आकडे गोळीच्या तंत्राच्या मागोमाग उतरले, पुढे नाहीत.

आपल्याकडे क्रम उलटा झाला: आधी दिवे, मग नियम. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज वाचवणारा दिवा कोणाला नको होता? २००९ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची बचत लॅम्प योजना आली. पिवळ्या बल्बच्याच भावात, १५ रुपयांच्या आसपास, सीएफएल द्यायचा आणि किमतीतला फरक कार्बन क्रेडिटमधून भरून काढायचा. आयएस १५१११ हे सीएफएलचं भारतीय मानक २००२ पासून होतं. पण २०११ च्या ई-कचरा नियमांत गोळा करायच्या वस्तूंच्या यादीत दूरदर्शन संच होते, फ्रिज होते, सीएफएल नव्हता.

तो आला २०१६ च्या नियमांत, १ ऑक्टोबरपासून. तेव्हा मर्यादाही आली: ३० वॅटखाली २.५ मिलिग्रॅम, ३० ते ५० वॅटला ३.५, त्यावर १५० वॅटपर्यंत ५. दिवे परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आली. पुनर्चक्रण करणारा उपलब्ध नसेल तर दिवे घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायची मुभा होती, पण आधी पारा अचल करण्याच्या अटीवर. गंधकाशी जोडून त्याचा सल्फाइड करणं हा त्यातला नेहमीचा मार्ग. ठाणे-बेलापूर पट्ट्याला असं केंद्र जवळच, तळोज्याला आहे.

अडचण तळोज्याच्या आधीची. २०१६ च्याच घनकचरा नियमांनी सीएफएल आणि तसाच पारा असलेल्या लांब ट्यूब यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटलं आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं. नवी मुंबई महापालिकेचं क्षेत्र, नंतर जोडलेली १४ गावं सोडून, सुमारे १०९ चौरस किलोमीटर. म्हणजे किमान सहा केंद्रं. पण घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर पडलेली ट्यूब त्या केंद्राची वाट बघत नाही. गाडीची झडप दाबते तिथेच ती फुटते. उरलेला पारा बहुतेक भुकटीत अडकलेला असतो आणि ती भुकटी गाडीत पसरते. पुनर्चक्रणात हीच फोड बंद यंत्रात, हवा आत ओढत, कोळशाच्या गाळणीतून करतात. काच, टोप्या आणि भुकटी वेगळी निघते, भुकटी तापवून पारा उडवतात आणि थंड करून परत मिळवतात.

भंगारवाल्याला यात रस नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्या आणि तळातलं सर्किट काढलं की बाकी काच त्याच्या लेखी ओझं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या ट्यूब बदलताना जुन्या ट्यूब नव्यांच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून उभ्या ठेवाव्यात. सुतळीने गठ्ठा बांधला की टोकं एकमेकांवर घासून फुटतात. फुटलीच तर पंखा बंद, खिडकी उघडी, पंधरा मिनिटं खोलीबाहेर. मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून चिकटपट्टीने भुकटी टिपायची आणि सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर, दोन्ही नकोत.

पाऱ्याचा वापर आवरण्याचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. ३० वॅटपर्यंतच्या, चोक अंगातच असलेल्या सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायला करारात २०२५ हे वर्ष घातलंय. लांब ट्यूबसाठी प्रकारानुसार २०२६ आणि २०२७. स्वस्त एलईडी दिवे वाटणाऱ्या २०१५ च्या उजाला योजनेनंतर एलईडीने बाजार आधीच बदलला होता. माळ्यावर आणि मीटररूममध्ये ठेवलेल्या जुन्या ट्यूब मात्र या तारखांत बसत नाहीत. त्या अजून तिथेच आहेत.